व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय : दिव्यांगांसाठी साधने आणि मदत मिळवण्याची वाट

"व्हीलचेअर कुठे मिळेल?" शाळेत पालकसभेला, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात, मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. कधी आजारी वालिदांसाठी, कधी जन्मापासून चालू न शकणाऱ्या मुलासाठी, कधी अपघातात पाय गेलेल्या भावासाठी. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या दानशूर माणसाचा फोन नंबर हवा असतो. नंबर मिळतो, खुर्चीही मिळते आणि सहा महिन्यांनी ती जिन्याखाली कपडे वाळत घालायच्या कामी येते. कारण ती मापाची नव्हती, दारातून आत येत नव्हती, किंवा त्या माणसाला खुर्चीपेक्षा वेगळेच साधन हवे होते.

आपल्या समाजात देणारे हात कमी नाहीत. कमी पडते ती माहिती. सरकारी योजनेतून जे हक्काने आणि मोफत मिळते, त्यासाठी जकातीचा पैसा खर्च होतो. आणि ज्या गोष्टीला कोणतीही योजना पैसे देत नाही, म्हणजे इस्पितळापर्यंतचे रिक्षाभाडे, बुडालेली रोजंदारी, मोडलेल्या चाकाची दुरुस्ती, त्यासाठी मात्र घरातले कुणाकडे तोंड उघडत नाहीत. म्हणून हा लेख. आधी कुठे जायचे, कोणते कागद लागतात, कोणती योजना कोणासाठी आहे आणि जमातीने आपला पैसा नेमका कुठे लावावा, हे क्रमाने पाहू.

आधी तपासणी, मग साधन

पहिली पायरी दुकान नाही, तपासणी आहे. मूल आवाजाकडे वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी उभे राहत नाही, नजरेला नजर देत नाही, असे वाटले तर "मोठा झाला की होईल ठीक", "त्याचे अब्बाही उशिराच बोलले होते" या दिलाशावर वर्षे घालवू नका. तावीज, दुआ ज्याला करायची त्याने करावी, पण कानाची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. बाळाच्या ऐकण्याबाबत जगभर एक साधा नियम मानला जातो : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात. मूल बोलायला शिकते ते ऐकून. ऐकण्याची पहिली वर्षे हातची गेली की नंतरचे महागडे यंत्रही ती पूर्ण भरून काढू शकत नाही.

लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात. दोष आढळला तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले असते. तिथे फिजिओथेरपी, वाचा उपचार, दृष्टी आणि श्रवण तपासणी अशा सोयी एका ठिकाणी मिळाव्यात, असा या केंद्रांचा हेतू आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारले तरी पुढचा रस्ता कळतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. जे मूल फक्त मक्तबमध्ये जाते किंवा घरीच असते, ते या पथकाला दिसतच नाही. शाळेच्या पटावर नाव नसेल तर शिबिराच्या यादीतही नाव येत नाही. दिव्यांग मुलीच्या बाबतीत हे जास्त घडते. "तिला कुठे पाठवणार" म्हणून तिला घरात ठेवले जाते आणि तिच्या वाट्याचे सगळे तिथेच थांबते.

युडीआयडी : सगळ्या दारांची एक चावी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. अंधत्व, श्रवणदोष, हातापायांचे दिव्यांगत्व हे सगळ्यांना माहीत असते. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती हेही यात येतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवणाऱ्या कित्येक घरांना आपले मूल या कायद्याखाली येते, याची कल्पनाच नसते.

यासाठी जे कार्ड मिळते त्याला युडीआयडी किंवा स्वावलंबन कार्ड म्हणतात. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र याच ऑनलाइन पद्धतीने देणे बंधनकारक आहे. घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरून घ्या. अर्जात तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. दिव्यांग मंडळ ठरावीक वारी बसते, म्हणून वार आणि वेळ आधी विचारून मगच घरून निघा. आजारी माणसाला पन्नास किलोमीटर नेऊन "आज डॉक्टर नाहीत" ऐकण्यासारखा त्रास दुसरा नाही.

कार्डाचे तीन रंग आहेत. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान असेल तर पिवळे आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर निळे. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपण्याआधी नूतनीकरण करा. जुने हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर ते फेकू नका, नव्या अर्जासोबत जोडा.

नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्या घरांमध्ये सर्वात जास्त अर्ज अडकतात ते नावामुळे. आधारवर "मोहम्मद", रेशनकार्डवर "मो.", शाळेच्या दाखल्यावर "मुहम्मद", बँकेत "मोहमद". आडनावाच्या जागी कुठे "शेख" पुढे, कुठे मागे. मुलींच्या नावातला "बी", "बानो", "खातून" एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव कुठे लागते, कुठे लागत नाही. माणसाला हे सगळे एकच वाटते, संगणकाला वाटत नाही.

म्हणून युडीआयडीचा अर्ज भरण्याआधी एक नाव ठरवा. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला प्रमाण माना, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि पुढचा प्रत्येक कागद आधारवरच्या अक्षराप्रमाणे भरा. बँक खाते आधारशी जोडलेले असावे, कारण अनुदान थेट त्याच खात्यात येते. एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये एवढे कागद तयार ठेवा :

- आधार कार्ड आणि रेशनकार्ड
- युडीआयडी कार्ड व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासाचा पुरावा
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- मूल असेल तर जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाइड
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- डॉक्टरांचे जुने कागद, ऑडिओग्रॅम, एक्स-रे

प्रत्येकाच्या तीन प्रती काढून ठेवा. अस्सल कागद कोणत्याही एजंटच्या हातात देऊ नका. युडीआयडीसाठी किंवा सरकारी शिबिरातल्या साधनासाठी कुणी "साहेबांचे" म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

साधने कुठून मिळतात?

*अ‍ॅडिप योजना.* केंद्र सरकारची ही योजना १९८१ पासून आहे. तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम हात-पाय, श्रवणयंत्र, अंधांसाठी काठी व ब्रेल साहित्य, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शिकण्याचे संच असे बरेच काही तिच्यातून मिळते. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, आणि २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्म्या खर्चात. मूल किंवा अवलंबून असलेली व्यक्ती असेल तर पालकांचे उत्पन्न धरतात. तेच साधन मागच्या तीन वर्षांत घेतलेले नसावे. १२ वर्षांखालील मुलांना ही अट एकाच वर्षाची आहे, कारण मूल वाढते आणि कॅलिपर तोकडे पडते. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी वय १६ वर्षांपेक्षा जास्त आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक लागते.

या योजनेतली बहुतांश साधने कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी बनवते. ती १९७२ मध्ये स्थापन झाली. तिची शिबिरे दोन टप्प्यांत होतात. आधी तपासणी आणि मापाचे शिबिर, काही महिन्यांनी वाटपाचे. पहिल्या शिबिराला न जाता थेट वाटपाच्या दिवशी गेलात तर काही मिळत नाही. शिबिराची खबर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, पंचायत समिती, महापालिका किंवा खासदार-आमदारांच्या कार्यालयात असते.

*कॉक्लियर इम्प्लांट.* साध्या श्रवणयंत्राने फायदा होत नाही अशा, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अ‍ॅडिपमधून ही शस्त्रक्रिया मिळू शकते. तिचे काम मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेमार्फत चालते. इथे वयच निर्णायक आहे. मूल पाच वर्षांचे झाल्यावर धावपळ सुरू करणारे पालक पाहिले की फार वाईट वाटते. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने वाचा उपचाराला नियमित जावे लागते, हेही आधी समजून घ्या. यंत्र कानात बसते, बोलणे घरातून येते.

*शाळेमार्फत.* समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. मोजमाप शिबिर, मोफत साधन, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तके, प्रवासभत्ता, सोबत येणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता, शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी येऊन शिक्षण, आणि दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता असे त्याचे स्वरूप आहे. हे सर्व उर्दू माध्यमाच्या जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांनाही तेवढेच लागू आहे. विशेष शिक्षकांना उर्दू येत नसेल तर वर्गशिक्षकाने मध्ये बसून मुलाशी त्याच्या भाषेत बोलावे. बौद्धिक चाचणी अनोळखी भाषेत झाली तर हुशार मूलही मागे पडलेले दिसते.

मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : "आमच्या मुलाचे नाव यू-डायसमध्ये दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंदले आहे का?" ही नोंद नसेल तर पुढचे काहीच होत नाही. दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. त्याचा अर्ज शाळेने बोर्डाकडे वेळेत पाठवायचा असतो. परीक्षेच्या आठवड्यात जागे होऊन उपयोग नाही. आणि कोणतीही सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळा केवळ दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे.

*घरातल्या बुजुर्गांसाठी.* वयामुळे ऐकू कमी येते, गुडघे धरतात, त्यांच्यासाठी युडीआयडीची वाट वेगळी आणि राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी. २०१७ ची ही योजना ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी तिच्यात येते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. ६५ वर्षांवरील आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये थेट खात्यात देण्याची तिच्यात तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ हीसुद्धा घरच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी.

*ग्रामपंचायत आणि नगरपालिकेचा ५ टक्के निधी.* महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. यातून साधने, घरदुरुस्ती, रॅम्प, उपचाराला मदत अशा गोष्टी करता येतात. पैसा कुणी मागितला नाही तर तो पडून राहतो किंवा भलतीकडे जातो. ग्रामसभेत उभे राहून "या वर्षी दिव्यांग निधी किती आणि तो कुठे खर्च झाला?" एवढा एक प्रश्न विचारला तरी फरक पडतो. आपल्या वॉर्डातल्या दिव्यांगांची यादी आपणच करून लेखी द्यावी.

*थेट जाता येतील अशा संस्था.* मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून तिथे कृत्रिम अवयव, कॅलिपर आणि पुनर्वसनाचे काम होते. दर्ग्याला जाणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांना समोरच्या या इमारतीचा उपयोग माहीत आहे. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे आणि तिथे नागरिकांनाही साधने मिळतात. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे क्षेत्रीय केंद्र आहे. विदर्भातल्या घरांना नागपूरचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र जवळ पडते. दृष्टिहीनांसाठी मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे जुने काम आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून जयपूर फूट मोफत बसवते. ती धर्म-जात विचारत नाही, आणि हा पाय घालून उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते. नमाज, वुजू, शेतातले काम या सगळ्याला तो चालतो.

साधन मापाचे हवे

फुकट मिळाले म्हणून कुठलेही साधन घेऊ नका. काही गोष्टी घरी टेपने तपासता येतात.

व्हीलचेअरवर बसल्यावर दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन बोटे जागा उरावी. जास्त रुंद असेल तर माणूस एका अंगावर कलतो आणि पाठ वाकडी होते. पावले पायठेवणीवर पूर्ण टेकली पाहिजेत. घराचे दार, संडासाचे दार आधी मोजा. ज्यांना कमरेखाली जाणीव नाही त्यांना जाड उशी लागतेच, आणि दर अर्ध्या तासाच्या आत अंग उचलून किंवा बाजू बदलून बसवावे लागते. नाहीतर बसण्याच्या जागी जखम होते. तिला बेडसोअर म्हणतात आणि ती जिवावर बेतू शकते.

काखेतली कुबडी काखेला टेकू नये, काखेखाली दोन-तीन बोटे अंतर हवे. भार हातावर असावा. काखेवर भार दिला तर तिथली नस दबून हात बधिर होतो. काठीची उंची, हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीएवढी ठेवा.

श्रवणयंत्र ऑडिओमेट्री न करता बाजारातून घेऊ नका. आवाज मोठा करणारे स्वस्त डबडे आणि कानाच्या चाचणीप्रमाणे बसवलेले डिजिटल यंत्र यात फार अंतर आहे. कानाचा साचा मुलासोबत बदलावा लागतो. सुरुवातीला पंख्याचा, भांड्यांचा आवाज नकोसा वाटतो. म्हणून दिवसातून तासभर शांत खोलीत घालून हळूहळू वेळ वाढवा. वुजू आणि आंघोळीआधी यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवण्याची सवय लावा.

घरासमोर रॅम्प करताना उताराचे गणित साधे आहे : एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट उतार. यापेक्षा उभा केला तर खुर्ची मागे उलटते. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणि भिंतीला एक पक्का दांडा एवढ्यानेही घरातल्या बाईची कंबर वाचते. तिला दिवसातून चार वेळा सासऱ्यांना उचलावे लागत असते.

दृष्टिहीनांसाठी आता बरेच काही हातातल्या मोबाइलमध्येच आहे. अँड्रॉइड फोनमधले टॉकबॅक सुरू केले की फोन स्क्रीनवरचे वाचून दाखवतो, मराठीत आणि उर्दूतही. संगणकासाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पुस्तकांसाठी २०१६ पासूनचे सुगम्य पुस्तकालय ऑनलाइन आहे. ब्रेल शिकणाऱ्या उर्दूवाल्या मुलांना सांगावे की भारती ब्रेलमध्ये उर्दूही डावीकडून उजवीकडेच वाचतात. एकदा लिपी आली की मराठी, उर्दू दोन्हीचा रस्ता खुला होतो.

दरमहा अनुदान, विमा, प्रवास

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दिव्यांगांसाठी दरमहा १,५०० रुपये होते, ते २०२५ मध्ये २,५०० करण्याचा निर्णय झाला. उत्पन्नाची अट आहे, म्हणून दाखला ताजा हवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यासाठी नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि थेरपीचा खर्चही येतो. याच चार प्रकारांत मूल १८ वर्षांचे झाले की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. "आमच्यानंतर याचे काय?" ही चिंता ज्या घरात आहे त्यांनी हा कागद पुढे ढकलू नये.

एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत ठरावीक प्रकारच्या दिव्यांगत्वाला मिळते आणि तिचे ओळखपत्र वेगळे काढावे लागते. दिव्यांग महामंडळाकडून धंद्यासाठी जे मिळते ते बहुधा कर्ज असते आणि त्यावर व्याज असते. अनुदान आणि कर्ज यातला फरक सहीआधी नीट विचारून घ्या. व्याजाला हात लावायचा नसेल तर अनुदानाच्या योजना वेगळ्या निवडता येतात.

जकात कुठे, सदका कुठे

आता आपल्या जमातीकडे वळू. जकातीचा पैसा हकदाराच्या मालकीत गेला पाहिजे, असे आपल्याकडचे बहुसंख्य हनफी उलेमा सांगतात. म्हणजे जकातीतून घेतलेली व्हीलचेअर एखाद्या हकदाराला कायमची देऊन टाकता येते. पण मशिदीत ठेवून लोकांना आळीपाळीने वापरायला देण्याच्या खुर्च्या, रॅम्पचे सिमेंट, वुजूखान्यातला दांडा हे जकातीतून नव्हे, सदका, इमदाद किंवा अतियातून करावे लागते. आपल्या मुलाला किंवा आई-वडिलांना आपली जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहीण, पुतणे-भाचे यांना देता येते. आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारून बैतुलमालने दोन हिशेब वेगळे ठेवावेत.

आमची सूचना अशी आहे. कुणी साधन मागायला आले तर बैतुलमालने आधी विचारावे, "युडीआयडी झाले का?" झाले नसेल तर पहिली मदत म्हणून एक माहीतगार तरुण आणि गाडीभाडे द्यावे. साधन सरकारी योजनेतून मिळेपर्यंत जमातीच्या साठ्यातली खुर्ची उसनी द्यावी. आणि जे कोणतीच योजना देत नाही त्यावर खर्च करावा : थेरपीला जाण्याचे भाडे, आईची बुडालेली मजुरी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, टायर-ट्यूब, साचा बदलणे. मोहल्ल्यातल्या एका सायकलवाल्याला व्हीलचेअर दुरुस्तीचे काम ठरवून दिले तरी जिन्याखालच्या चार खुर्च्या पुन्हा चालू लागतील.

दान घेताना फोटोचा आग्रह नको. ज्याला खुर्ची मिळाली त्याचा चेहरा ग्रुपवर फिरवणे ही त्या मदतीची किंमत वसूल करणे झाले.

मशिदीचे दार

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीचे मुअज्जिन होते आणि प्रेषित बाहेरगावी गेले असता मदिन्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. कुरआनच्या सूरह अबसाची सुरुवात त्यांच्याच प्रसंगाशी जोडलेली आहे. ज्या उम्मतीला हा वारसा आहे, तिच्या मशिदीला पाच पायऱ्या असाव्यात आणि बाजूला उतार नसावा, हे बरे दिसत नाही.

फार खर्चाचे काम नाही. एक उतार, वुजूसाठी एक उंच नळ आणि बसायला स्टूल, सफच्या कडेला खुर्चीची ठरलेली जागा. चाकांच्या पाकीचा प्रश्न निघतो तर मशिदीतच एक स्वच्छ खुर्ची ठेवावी किंवा दारात ओल्या फडक्याने चाके पुसावीत. जुम्याच्या बयानाचा मजकूर कर्णबधिर तरुणांना मोबाइलवर लिहून पाठवता येतो. बायकांसाठी नमाजची सोय असेल तिथेही हेच करावे. दिव्यांग बाई मशिदीच्या बाबतीत कुणाच्या मोजणीतच नसते.

काम अडले तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. माहिती अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारता येते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. हक्क नाकारला गेल्याची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीला हिणवण्यासाठी जाणूनबुजून अपमान करणे हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे गुन्हा आहे. हे मोहल्ल्यातल्या "लंगड्या", "बहिऱ्या" म्हणणाऱ्यांनाही एकदा सांगून ठेवावे.

या आठवड्यात एवढे करा

१. घरात, शेजारात कोण दिव्यांग आहे आणि त्याच्याकडे युडीआयडी आहे का, ते विचारा.
२. आधार, दाखला, पासबुक समोर ठेवून नावाची अक्षरे जुळतात का पाहा.
३. मूल शाळेत असेल तर यू-डायसमधली नोंद तपासा. शाळेत नसेल तर आधी नाव घाला.
४. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळ कोणत्या वारी बसते ते फोनवर विचारून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका.
५. ग्रामपंचायत किंवा वॉर्ड कार्यालयाला ५ टक्के निधीसाठी लेखी अर्ज द्या.
६. मशिदीच्या पुढच्या बैठकीत उताराचा विषय मांडा. पायरी मोजून जा, म्हणजे चर्चा तिथेच संपेल आणि काम सुरू होईल.